कामाची जागा आणि माणूस : अर्नोल्ड न्यूमन यांच्या दोन छायाचित्रांविषयी

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून अधिकाऱ्यांची छायाचित्रे पाहा. हाताची घडी, किंचित हसू, मागे काचेची भिंत आणि धूसर झालेले कार्यालय. कंपनी सिमेंट बनवते की औषधे, हे चित्रावरून ओळखता येत नाही. छायाचित्र कामाच्या ठिकाणीच घेतलेले असते, पण काम त्यात कुठेच नसते. मागची जागा धूसर करण्याला आपण सौंदर्य समजू लागलो आहोत. माझ्या मते पुष्कळदा ती केवळ टाळाटाळ असते.

याच्या अगदी उलट काम अमेरिकन छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन यांचे आहे. व्यक्तीला तिच्या परिसरासह टिपण्याच्या पद्धतीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, जरी ते लेबल त्यांना स्वतःला फारसे आवडत नसे. 1946 साली त्यांनी संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचे छायाचित्र घेतले. चौकटीचा बहुतेक भाग पियानोच्या उघड्या झाकणाच्या काळ्या आकाराने व्यापला आहे. संगीतकार खाली एका कोपऱ्यात, डोक्याला हात टेकून बसलेले. ज्या मासिकासाठी हे चित्र काढले, त्या ‘हार्पर्स बझार’ने ते नाकारले. गंमत अशी, की तो पियानो स्ट्राविन्स्की यांचा नव्हताच. न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्याच कुणाच्या घरातला होता. म्हणजे ‘खऱ्या जागी काढले’ एवढ्यावर चित्र खरे ठरत नाही. त्या माणसाच्या कामातले नेमके काय निवडले, यावर ते ठरते.

आता दुसरे चित्र, आणि इथे प्रश्न अवघड होतो. 1963 साली ‘न्यूजवीक’ने न्यूमन यांना जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांचे छायाचित्र काढायला एसेनला पाठवले. क्रुप यांच्या कारखान्यांत युद्धकाळात वेठीला धरलेले कामगार राबवले गेले होते, त्यांत छळछावण्यांतले कैदीही होते. न्यूरेंबर्ग येथे 1948 मध्ये त्यांना 12 वर्षांची शिक्षा झाली, पण 1951 मध्येच ते सुटले आणि त्यांची मालमत्ताही परत मिळाली. न्यूमन ज्यू होते. त्यांनी कारखान्यात उंचावर एक मचाण उभारून घेतले, दोन्ही बाजूंना खालून दिवे लावले आणि क्रुप यांना जरा पुढे झुकायला सांगितले. क्रुप यांनी हनुवटीखाली बोटे गुंफली. दिव्यांनी चेहऱ्याच्या दोन बाजू उजळल्या, मधला भाग अंधारला, आणि साऱ्या चित्राला आजारी हिरवट छटा आली.

या चित्राचे श्रेय बहुतेक जण प्रकाशयोजनेला देतात. मला ते अर्धेच पटते. खालून लावलेल्या दिव्याने कुणीही भेसूर दिसेल. भुताच्या सिनेमात रोज दिसते. तुम्ही हाताच्या तळव्याने चित्रातला चेहरा झाका आणि उरलेले पाहा. मागे लांबच लांब कारखाना, त्यात तयार होत असलेली इंजिने, दुतर्फा खांब. आरोप त्या जागेने केला आहे. याच भिंतींआड कोण राबले, हे माहीत असलेल्या वाचकाला वेगळी ओळ लिहून द्यावी लागत नाही.

तरीही हे चित्र अनुकरणासाठी समोर ठेवताना मी कचरतो. क्रुप यांच्यावर न्यायालयात खटला चालला होता. शिवाय ते सत्ताधारी होते, स्वतःचे चित्र कसे असते हे जाणणारे होते. तुमच्यासमोर मात्र उद्या एखादी प्रयोगशाळा साहाय्यक, छापखान्यातला यंत्रचालक किंवा तालुक्याच्या बँकेतला व्यवस्थापक उभा असेल. तुमचा दिवा कुठे आहे आणि त्याने आपला चेहरा कसा दिसेल, हे त्याला कळणार नाही. तो ‘हो साहेब’ म्हणेल आणि सांगाल तसा पुढे झुकेल. न्यूमन यांची युक्ती अशा माणसावर वापरली तर ती कला नव्हे, फसवणूक.

म्हणून आणखी एक चित्र याच्या शेजारी ठेवून पाहा. 1946 मध्येच मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ‘लाइफ’साठी गांधीजींना चरख्याजवळ टिपले. त्यांना भेटण्याआधी सूतकताई शिकण्याची अट घातली गेली होती. चित्रात चरखा अगदी पुढे, मोठा आणि गडद आहे; गांधीजी मागे, आणि ते सूत कातत नाहीत, वाचत आहेत. कातण्याचा अभिनय त्यांच्याकडून करवून घेतलेला नाही. चरखा थांबलेला असूनही चित्रातला पहिला मान त्याचाच आहे.

स्वाध्याय : तुमच्या महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याचे, त्याच्या संमतीने, कामाच्या जागी छायाचित्र घ्या. आधी किमान एक तास त्याचे काम नुसते पाहा, कॅमेरा पिशवीतच ठेवा. मग चौकटीत घेतलेली प्रत्येक वस्तू का घेतली ते लिहा, आणि छायाचित्र त्याला दाखवून तो काय म्हणाला तेही त्याच्याच शब्दांत नोंदवा.