‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि वधूची वैद्यकीय तपासणी

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून प्रसिद्ध झाला. या एकाच कृतीवर त्यांचे वाङ्मयेतिहासातील स्थान अवलंबून आहे. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून तिची पाठराखण केली, पुढे ती जवळजवळ विस्मृतीत गेली आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या आवृत्तीमुळे पुन्हा अभ्यासकांसमोर आली. तेव्हापासून तिच्याकडे मुख्यतः समतेचा पुरस्कार करणारा निबंध म्हणून पाहिले जाते. जो नियम स्त्रीला तोच पुरुषाला, असा तिचा आशय सांगितला जातो, आणि शीर्षकातील ‘तुलना’ या शब्दाने त्या अर्थास दुजोराही मिळतो. हे वाचन चुकीचे नाही. अपुरे मात्र आहे. त्याचे अपुरेपण एका वेगळ्याच, रूक्ष आणि सरकारी स्वरूपाच्या लेखनाशेजारी हा निबंध ठेवला असता स्पष्ट होते. ते लेखन म्हणजे विवाहानिमित्त परदेशी जाणाऱ्या स्त्रीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद.

निबंधाचे निमित्त परिचित आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला. प्रथम तिला फाशीची शिक्षा झाली व अपिलात ती जाऊन काळ्या पाण्याची शिक्षा ठरली. या प्रसंगावरून ‘पुणेवैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीवर ताशेरे झाडले आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. या खटल्यातील एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. तेथे दोन व्यक्तींच्या संबंधाचा पुरावा एकाच शरीरावर उमटलेला होता. गर्भ आणि प्रसूती यांची खूण स्त्रीच्या देहावर राहते; पुरुषाच्या देहावर तशी काहीच खूण राहत नाही, म्हणून तो न्यायालयाच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नव्हता. ताराबाईंच्या संतापाचे मूळ या विषमतेत आहे. दोघांचा दोष समान असता शिक्षा एकीलाच का, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे: पुरावा म्हणून वाचला जाणारा देह नेहमी स्त्रीचाच का असावा?

शासनाची दृष्टीही त्या काळी याहून निराळी नव्हती. १८६८ च्या सांसर्गिक रोगविषयक कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात वेश्याव्यवसायातील स्त्रियांची सक्तीची शारीरिक तपासणी सुरू झाली आणि १८८८ पर्यंत तो कायदा जारी होता. ज्या गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्यांच्यावर त्या कायद्याने कसलेच बंधन घातलेले नव्हते.

आता जवळजवळ शंभर वर्षांनंतरचा प्रसंग पाहावा. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका नियोजित वराशी विवाह करण्यासाठी उतरली. तत्कालीन ब्रिटिश नियमांप्रमाणे पत्नीला आगाऊ प्रवेशपत्र लागे. वाग्दत्त वधूला मात्र ते नसतानाही प्रवेश मिळू शकत असे. ही स्त्री खरोखर अविवाहित आहे किंवा नाही, अशी शंका अधिकाऱ्यांना आली आणि तिचे निरसन करण्यासाठी त्यांनी तिची स्त्रीरोगविषयक तपासणी करविली. अविवाहित भारतीय स्त्रीचा पुरुषसंबंध झालेला असणेच शक्य नाही, हे गृहीतक त्यांनी निःशंकपणे स्वीकारले होते. फेब्रुवारीच्या प्रारंभी ‘गार्डियन’ पत्राने ही बातमी प्रसिद्ध केली, भारतात तीव्र निषेध झाला आणि ब्रिटिश गृहमंत्र्यांनी ही प्रथा बंद केली. तो एकटादुकटा अपवाद होता असे मानण्यास मात्र जागा नाही. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मारिनेला मार्मो व इव्हान स्मिथ या संशोधकांनी ब्रिटिश दप्तरखान्यातील कागदपत्रे तपासली, आणि दिल्ली व मुंबई येथील ब्रिटिश कचेऱ्यांतून किमान ८० स्त्रियांची अशी तपासणी झाल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले.

विजयालक्ष्मीचा खटला आणि ही तपासणी यांत काळाचे व प्रयोजनाचे अंतर मोठे आहे, पण वाचनाची रीत एकच आहे. येथेही स्त्रीच्या तोंडच्या शब्दापेक्षा तिच्या देहावरील कल्पित खूण अधिक विश्वसनीय मानली गेली. लग्नासाठी परदेशातून ब्रिटनमध्ये पुरुषही येत आणि त्यांच्या हेतूविषयी कठोर प्रश्नही विचारले जात. पण प्रश्न विचारणे म्हणजे उत्तर ऐकून घेणे होय. स्त्रीच्या बाबतीत उत्तर ऐकण्याची गरजच उरली नाही.

येथे समतेपुरते मर्यादित वाचन कोठे थांबते ते दिसून येते. ‘जो नियम स्त्रीला तोच पुरुषाला’ एवढाच ताराबाईंचा सिद्धांत मानला, तर वराचीही तशीच तपासणी झाली असती म्हणजे अन्याय दूर झाला असता, असे म्हणावे लागेल. हे उत्तर उघडच समाधानकारक नाही. कौमार्यचाचणीला शास्त्रीय आधारच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांसह २०१८ मध्ये स्पष्टपणे सांगितले. खोटा काटा दोघांना लावला म्हणून तो खरा होत नाही.

ताराबाईंचे लेखन या मर्यादेत अडकत नाही. टीकाकार मात्र पुष्कळदा अडकले आहेत. स्त्रीवर परंपरेने लादलेले एकेक दूषण उचलून ते पुरुषाला कसे अधिक लागू पडते हे दाखविणे, ही निबंधाची वरवरची रचना झाली. तिच्यात वादविवादाचा आवेश आहे, उपरोध आहे, क्वचित नुसती परतफेडही आहे, आणि ‘तुम्हीही तसेच’ या पद्धतीच्या युक्तिवादाची कमजोरीही आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु या रचनेखालून विचाराची दुसरी धारा वाहते. शास्त्रे रचणारे पुरुष, त्यांचा अर्थ लावणारे पुरुष आणि त्यांनुसार निवाडा देणारेही पुरुष, ही गोष्ट त्या वारंवार पुढे आणतात. म्हणजे त्यांचा आक्षेप केवळ मापाच्या असमानतेवर नाही. माप ज्याच्या हाती आहे त्याच्या अधिकारावरही आहे. ‘स्त्रीधर्म’ म्हणजे तरी काय, असे त्या विचारतात तेव्हा तुलना मागे पडून परीक्षकाचीच परीक्षा सुरू होते. निबंधाचे वैचारिक सामर्थ्य या दुसऱ्या धारेत आहे, आणि हीथ्रोच्या प्रसंगावर प्रकाश पडतो तोही तिच्यामुळेच.

या दोन धारांचा भेद आजच्या तपासणीचा विचार करतानाही उपयोगी पडतो. चिखली किंवा मेहकरची एखादी मुलगी अमेरिकेत पतीकडे कायमच्या वास्तव्यासाठी निघाली, तर वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडेच तिला तपासणी करून घ्यावी लागते. गावच्या डॉक्टरचा दाखला चालत नाही. त्यासाठी मलकापूर किंवा शेगावहून गाडी पकडून मोठे शहर गाठावे लागते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहू इच्छिणाऱ्या भारतीय रहिवाशांना क्षयरोग नसल्याचा दाखला द्यावा लागतो. छातीची क्ष-किरण परीक्षा, लसींची नोंद अशा गोष्टी स्त्री-पुरुष दोघांनाही सारख्याच लागू आहेत आणि त्यांचे प्रयोजनही कळण्यासारखे आहे. १९७९ च्या प्रकाराशी त्यांची सरमिसळ करणे हा विवेकाचा अभाव ठरेल.

तरीही तुलनेची पहिली, साधी धार अगदीच बोथट झालेली नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवरील लस अमेरिकेने २००८ मध्ये स्थलांतरितांसाठी सक्तीची केली, ती ११ ते २६ वर्षे वयाच्या मुली व स्त्रिया यांच्यापुरती. अमेरिकन नागरिक असलेल्या त्याच वयाच्या स्त्रियांवर अशी देशव्यापी सक्ती नव्हती आणि स्थलांतरित पुरुषांवरही नव्हती. लस महाग होती, आणि खर्च अर्जदार स्त्रीनेच सोसायचा होता. डिसेंबर २००९ मध्ये ही सक्ती मागे घेण्यात आली. लस हितकारक आहे यात शंका नाही. पण हितकारक गोष्टीची सक्ती कोणावर करावी हे ठरविताना पुन्हा स्त्रीचाच देह निवडला गेला.

या साऱ्याचे खापर परकीयांच्या माथी फोडून मोकळे होता येत नाही, हे ताराबाईंच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नसावी. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे अविवाहित स्त्रीविषयीचे गृहीतक आपल्याच समाजातील समजुतीवरून उचललेले होते. बलात्काराच्या खटल्यात पीडितेची ‘दोन बोटांची’ चाचणी तिच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी आहे, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये त्याला ते पुन्हा बजावावे लागले. तेथेही तक्रार करणारीचा शब्द बाजूला ठेवून तिच्या देहाकडून साक्ष घेतली जात होती, आणि ती साक्ष लिहून घेणारा डॉक्टर आपलाच होता.

ताराबाईंचा निबंध वाचताना तुलनेचे परिच्छेद उतरून घेण्याची अभ्यासकांना सवय झाली आहे, कारण ते चटकदार आहेत. शास्त्रकारांच्या अधिकाराविषयीचे परिच्छेद त्यामानाने विखुरलेले, मध्येच सुरू होऊन मध्येच सुटलेले असे आहेत. ते एकत्र लावून पाहण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.