सिओना बेंजामिन: निळी काया आणि छायाचित्रातील चेहरा

सिओना बेंजामिन यांच्या चित्रांची चर्चा करताना ‘संकर’ ही संकल्पना फार चटकन हाताशी येते. ज्यू आशय आणि भारतीय रूप यांचा संयोग, असे तिचे सूत्र सांगता येईल. मराठी वाचकाला मात्र हे सूत्र स्वीकारताना अडखळल्यासारखे व्हावे. मुंबईत १९६० साली बेने इस्राएल समाजात जन्मलेल्या या चित्रकर्तीच्या परंपरेत आशयाचे घर एक आणि रूपाचे दुसरे, अशी स्थिती नव्हतीच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले ‘शनवार तेली’, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मांडलेले मलिद्याचे ताट, सुनेच्या गळ्यातले मंगळसूत्र, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील आख्याने सांगू लागलेले मराठी कीर्तन, या साऱ्याला दोन संस्कृतींचे मीलन म्हणणारा माणूस अंगणाबाहेर उभा असतो.

मग ‘फाइंडिंग होम’ या चित्रमालिकेतल्या स्त्रियांची निळी काया कोठून आली? ती कोकणातून आलेली नाही, असे मला वाटते. जे. जे. कला महाविद्यालयातील शिक्षणानंतर बेंजामिन १९८६ मध्ये अमेरिकेत गेल्या. तेथे चित्रकला आणि पुढे नाट्यनेपथ्य यांचे उच्च शिक्षण त्यांनी घेतले. सावळी त्वचा आणि ज्यू धर्म ही जोडी जेथे कोणाच्या कल्पनेत बसत नव्हती, त्या भूमीवर हा निळा रंग जन्मला. तो कृष्णाची आठवण देतो हे खरेच. पण आकाशाचा आणि समुद्राचाही तो रंग आहे, म्हणजे कोणत्याच एका गावाचा नव्हे. ‘तिक्कुन हा-ओलाम’ (२०००) या चित्रात नायिकेचे अनेक बाहू मेनोरा या दीपवृक्षाच्या शाखा होतात. मूर्तिनिषेध मानणाऱ्या धर्मातील उपासनावस्तूच येथे देवीचे शरीर धारण करते. ‘लिलिथ’मध्ये हीच काया व्यंगपट्टीतल्या संवादाच्या फुग्यासह बोलू लागते. लघुचित्र, बायझंटाइन प्रतिमा, अमर चित्रकथा हे सर्व या पृष्ठभागावर सुखाने नांदते. कधी कधी जरा जास्तच सुखाने: चिन्हांची गर्दी इतकी होते की प्रेक्षकाला पाहण्याऐवजी उलगडा करीत बसावे लागते.

या पार्श्वभूमीवर ‘फेसेस: वीव्हिंग इंडियन ज्यूइश नॅरेटिव्ह्ज’ हा प्रकल्प मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन बेंजामिन यांनी समाजातील व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या, त्यांची छायाचित्रे काढली आणि त्या छायाचित्रांभोवती ग्वाश व सोन्याच्या वर्खाने रंगकाम केले. ही चित्रे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१३ साली मांडली गेली. आतापर्यंत चित्रकर्तीने स्वतःच्या चेहऱ्याला प्रतीकाचे रूप दिले होते. आता समोर परका चेहरा आला. पर्सच्या परिभाषेत बोलायचे तर छायाचित्र हे निर्देशक चिन्ह होय. ज्या देहावरून प्रकाश परतला त्या देहाचा तो माग असतो, आणि मागाला प्रतीक व्हायला सांगितले की तो सहजी ऐकत नाही.

येथे एक जुना संदर्भ टाळता येत नाही. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातील माणसांच्या आकृती कापून वेगळ्याच दृश्यांवर चिकटवलेल्या होत्या. तंत्र पाहिले तर बेंजामिनही तेच करतात: माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा आणि रचलेल्या पार्श्वभूमीवर बसवायचा. फरक पार्श्वभूमी कोण पुरवतो यात आहे. जॉन्सनच्या माणसाला नाव नसते, जात असते. त्याच्या मागचे दृश्य त्याला नमुना बनवते. बेंजामिन यांच्या चित्रात पार्श्वभूमीचे धागे त्या व्यक्तीच्या सांगण्यातून येतात. तरीही धोका संपत नाही. सोनेरी वर्खाची महिरप जिवंत माणसाला स्मारक करू शकते, आणि ओसरत चाललेल्या समाजाचे स्मारक पाहणाऱ्याला सुखावते, हे विसरून चालणार नाही. जेथे नक्षी चेहऱ्याचा अर्थ सांगू लागते तेथे हा प्रकल्प दुबळा होतो. जेथे ती चेहऱ्याच्या कडेशी येऊन थांबते तेथे डोळ्यांतला थकवा, ओठांची किंचित मुरड यांना कोणतेही पुराण पुरे पडत नाही.

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्राएलांकडे विवाहाच्या वेळी धर्मपीठाने पूर्वजांच्या ज्यूपणाचा पुरावा मागितला होता. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. बेंजामिन यांचा २०१६-१७ चा दुसरा फुलब्राइट प्रकल्प याच स्थलांतरितांविषयी आहे. पुरावा म्हणून पाहिले जाण्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांच्यासमोर कॅमेरा धरणे ही साधी गोष्ट नव्हे. ते यंत्रच मुळी पुराव्याचे. त्याने टिपलेल्या चेहऱ्याभोवती कोणत्याही कचेरीला उपयोगी न पडणारी वेलबुट्टी काढत बसण्याला म्हणूनच अर्थ आहे.