सुटी तार म्हणजे शून्य नव्हे

ॲनालॉग सिंथेसायझरला ‘आता सूर सुरू कर’ आणि ‘आता थांब’ एवढेच सांगणाऱ्या विद्युतसंकेताला गेट म्हणतात. संकेत वर गेला की सुराचा चढ-उतार घडवणारा भाग कामाला लागतो, खाली आला की सूर विरू लागतो. बटणाने असा गेट देणारा परिपथ नवशिक्यांपुढे ज्या रीतीने मांडला जातो, तिच्याविषयी आमची तक्रार आहे.

मांडणी साधी असते. ९ व्होल्टची बॅटरी, दाबायचे बटण, बाहेर जाणारी तार. बटण दाबले की ९ व्होल्ट, सोडले की शून्य. यातले पहिले विधान खरे आहे, दुसरे नाही. बटण सोडल्यावर तार शून्यावर जात नाही, ती नुसती सुटते. शाळेतल्या दिव्याच्या प्रयोगात हा फरक जाणवत नाही, कारण तिथे दिव्याची तारच ते टोक बॅटरीच्या ऋण अग्राशी जोडून ठेवते. (भाषेचाही घोळ आहेच: ‘दिवा बंद’ म्हणजे परिपथ खुला, आणि पुस्तकातला ‘बंद परिपथ’ म्हणजे दिवा चालू!) सिंथेसायझरचा प्रवेशरोध फार मोठा असेल, तर सुट्या तारेवर आधीचा प्रभार रेंगाळतो, घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण तिच्यात उतरते. मग सूर अडकून बसतो, किंवा तारेला बोट लागताच आपोआप वाजतो. पुष्कळ यंत्रांत आतच १०० किलोओहमचा रोधक ग्राउंडला जोडलेला असतो. तिथे हा अपुरा परिपथ बिनबोभाट चालतो, आणि ‘चालले म्हणजे बरोबर’ ही समजूत पक्की होते. आमच्या मते खरे नुकसान हे आहे.

उपाय दोन रोधकांचा. बाहेरच्या तारेपासून ऋण अग्रापर्यंत १०० किलोओहमचा एक, म्हणजे बटण सुटताच तार खरोखर शून्यावर येते. बटण दाबलेले असताना त्यातून जेमतेम ०.०९ मिलिअँपिअर धारा वाया जाते. दुसरा १ किलोओहमचा, बटणाच्या वाटेत. प्लग खुपसताना तार ग्राउंडला टेकली तरी धारा ९ मिलिअँपिअरच्या वर जात नाही, आणि व्होल्टेज ९ वरून ८.९ वर येते एवढेच. बटणातली पट्टी दाबताना काही मिलिसेकंद थरथरते, त्याने एका दाबात सूर दोनदा सुरू होऊ शकतो. मोठ्या रोधकाला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावले तर ही थरथर बहुतांशी झाकली जाते.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये आपला सिंथेसायझर घडवायला घेतला. त्यांच्या वाद्यांनी स्वीकारलेला ‘स्विच ट्रिगर’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तिथे वाद्य स्वतःच रोधकाद्वारे तार वर धरून ठेवते आणि बटण ती ग्राउंडला टेकवते. म्हणजे सुट्या तारेलाही नेमका अर्थ आहे: ‘काही वाजवू नकोस.’ बटणाला वेगळी बॅटरी लागत नाही, आणि कितीही बटणे समांतर जोडली तरी ती एकमेकांशी भांडत नाहीत. रचना म्हणून आम्हाला ही अधिक नेटकी वाटते. अडचण शेजाऱ्यांची. एआरपीसारख्या उत्पादकांनी धन व्होल्टेजचा गेट निवडला, त्यामुळे एकाचा संकेत दुसऱ्याला थेट कळेना. मधे एक एनपीएन ट्रान्झिस्टर, बीसी ५४७ चालेल, आणि त्याच्या बेसला १० किलोओहम एवढ्यावर धन गेटचा स्विच ट्रिगर होतो.

वर्गात हे दाखवताना नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. डिजिटल मीटरचा स्वतःचा प्रवेशरोध साधारण १० मेगाओहम असतो. सुट्या तारेला तो लावला की तोच तिला खाली ओढतो आणि पडद्यावर जवळजवळ शून्य दिसते. त्याऐवजी त्याच बॅटरीवर सीडी ४०४९ ही चिप चालवा. एका प्रवेशाला बटणाची तार जोडा, त्याच्या निर्गमापासून धन अग्रापर्यंत १ किलोओहम आणि एलईडी लावा. उरलेले पाच प्रवेश ऋण अग्राला जोडायला विसरू नका. तेही सुट्या ताराच आहेत. आता १०० किलोओहमचा रोधक काढा, बटण दाबून सोडा आणि तारेजवळ हात न्या.