दोन वर्णने, एक निवड : एआरएम यंत्रांवरील लिनक्स कर्नलच्या निर्णयाची चिकित्सा

संगणक सुरू होताना आपण कोणत्या यंत्रावर आहोत, हे कर्नलला ठाऊक नसते. पीसीआय वा यूएसबीवरील उपकरणे विचारल्यास स्वतःची ओळख देतात. इंटरप्ट कंट्रोलर, सिरियल पोर्ट यांसारखे अनेक घटक ती देत नाहीत. त्यांचे वर्णन फर्मवेअरकडून यावे लागते. ६४ बिट एआरएम यंत्रांवर ते दोन रूपांत येऊ शकते : १९९४ च्या आयईईई १२७५ या ओपन फर्मवेअर मानकातून पुढे आलेले डिव्हाइस ट्री, अथवा इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीची एसीपीआय कोष्टके. दोन्ही उपलब्ध असून त्यांत विसंगती असेल तर लिनक्स काय करतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कर्नल त्यांची तुलना करीतच नाही. २०१५ मध्ये ४.१ या आवृत्तीत एआरएमसाठी एसीपीआय स्वीकारले गेले, तेव्हापासूनचा नियम स्थूलमानाने असा : सुरुवातीच्या आज्ञा-ओळीत स्पष्ट सक्ती नसेल, तर डिव्हाइस ट्री रिकामे आहे काय एवढेच पाहावे, नसेल तर तेच प्रमाण मानावे. 'रिकामे' या शब्दाचा अर्थही येथे वेगळा आहे. यूईएफआय यंत्रावर ट्री मिळाले नाही, तर कर्नलचा प्रारंभिक भाग स्वतःच एक छोटे ट्री रचतो आणि त्याच्या 'चोझन' या शाखेत आज्ञा-ओळ, मेमरी-नकाशाचा पत्ता इत्यादी ठेवतो. एवढीच शाखा असलेले ट्री रिकामे समजले जाते.

दोन्ही वर्णनांची सरमिसळ टाळण्याचा निर्णय मला रास्त वाटतो. डिव्हाइस ट्रीच्या व्यवस्थेत घटकांचे क्लॉक व वीजपुरवठा सामान्यतः कर्नल हाताळतो. एसीपीआयमध्ये ते काम फर्मवेअरकडे असते. अर्धे इकडचे व अर्धे तिकडचे घेतल्यास एकाच क्लॉकवर दोघांचा हात पडेल.

आक्षेप आहे तो निकषावर. हा नियम अस्तित्वाला प्रामाण्य देतो, अचूकतेला नव्हे. फर्मवेअरमध्ये एखादे जुने, अपुरे ट्री राहून गेले, तर निर्दोष एसीपीआय कोष्टके बाजूला पडतात. यंत्र कदाचित सुरूही होते. एखादा नेटवर्क घटक तेवढा दिसत नाही आणि दोष ड्रायव्हरवर जातो. शिवाय 'एकच स्रोत' हे तत्त्वही अखंड नाही. यूईएफआयचा मेमरी-नकाशा मिळाला की ट्रीमधील मेमरीच्या नोंदी कर्नल टाकून देतो, मग बाकी सर्व बाबतींत ट्री प्रमाण असले तरी.

एक्स८६ यंत्रांवरील एक नियम येथे आठवतो. पीसीआय होस्ट ब्रिजच्या पत्त्यांबाबत लिनक्स २००८ पूर्वीच्या बायोसमधील एसीपीआय माहितीवर सहसा विसंबत नाही. तारखेवरून विश्वास ठरविणे ओबडधोबड खरे, परंतु त्यामागे त्या माहितीच्या दर्जाचा अनुभव आहे. एआरएमच्या नियमात असा अनुभव कोठेच प्रतिबिंबित होत नाही. ट्रीची निवड झाल्यावर कर्नलच्या नोंदींत एसीपीआय इंटरप्रीटर बंद असल्याची एक ओळ येते. तो का बंद आहे, हे त्या ओळीत नसते. निदान तेवढे कारण तेथे छापावयास काहीच अडचण नसावी.