कथेचा आराखडा आणि आपला लेखक

आपल्या नवोदित कथाकारांत एक समज दृढ होत चालला आहे. लिहिण्यापूर्वी कथेचा आराखडा करणे हे पांढरपेशांचे काम. ज्याने सोसले त्याने फक्त सांगावे, अनुभवच आपली वाट काढील. या समजाला प्रस्थापित समीक्षेने खतपाणी घातले. आमच्या कथेला ती ‘रांगडी’, ‘उत्स्फूर्त’, ‘धगधगती’ म्हणते. रचनेविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. या कौतुकात अवहेलना आहे. तुमच्यापाशी जखम आहे, विचार नाही; तेव्हा जखम दाखवा आणि बाजूला व्हा, असाच त्याचा अर्थ होतो.

आराखड्याविषयीच्या रागाला कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. ना. सी. फडक्यांच्या ‘प्रतिभासाधन’पासून (1931) मराठीत तंत्र म्हणजे गुंतागुंत, उत्कंठा आणि सफाईदार उकल असे समीकरण बसले. ज्यांच्या जगण्यात उकलच नाही, त्यांना हा साचा परका वाटणारच. पण साचा नाकारणे वेगळे आणि आखणी नाकारणे वेगळे.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) घ्या. चोरी झाली होती, हे शीर्षकच सांगून टाकते. रहस्य उरत नाही. नायक सापडेल की नाही हा प्रश्न नसून कधी आणि कोणाच्या हातून, एवढाच प्रश्न राहतो. त्यामुळे त्याला मिळणारा प्रत्येक सन्मान वाचकाला भयाण वाटू लागतो. हे केवळ संतापातून घडत नाही. शेवट कुठे आहे हे लेखकाला पहिल्या ओळीपूर्वी ठाऊक होते.

याहून मोठा दाखला बाबासाहेबांचा आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही कथा नव्हे, आठवणी आहेत. पण त्यांची निवड पाहा. 1901 चा लहानपणीचा गोरेगावचा प्रवास, बडोद्याची पारशी धर्मशाळा, 1929 चे चाळीसगाव, 1934 चा दौलताबादचा किल्ला. एवढ्या मोठ्या आयुष्यातून मोजकेच प्रसंग घेतले, आणि मग स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्यांचे प्रसंग. हिंदूंना जो अस्पृश्य, तो पारशालाही आणि मुसलमानालाही अस्पृश्यच, हा सिद्धान्त त्या निवडीतून उभा राहतो. चवदार तळे त्यात प्रसंग म्हणून नाही. काळाराम मंदिरही नाही. जे गाळले त्यावरून आराखडा ओळखावा.

आमच्या भिवपुरीला 1922 पासून वीजघर आहे. घाटावर ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली आणि ते पाणी नळांतून खाली आणले. पावसाळ्यात आमचा सगळा डोंगर वाहतो, पण त्या वाहत्या पाण्यावर दिवा लागत नाही. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले हसतात. वीजघर त्यांनी जन्मापासून पाहिलेले आहे. (त्याच्या शेजारच्या काही वाड्यांवर वीज किती उशिरा पोचली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

माझ्या एका विद्यार्थिनीने वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाची कथा लिहिली. चौदा पाने. जन्मापासून आरंभ, मग शाळा, आजीचे मरण, भट्टी, मारहाण. सगळे खरे आणि सगळे एकाच उंचीवर. मी तिला एवढेच विचारले की, हे कुटुंब बांधले जाते ते नेमके कोणत्या क्षणी? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सर, उचल घेतात तेव्हा. पावसाळ्यात. भट्टी तर नंतर येते.”

चौदा पाने तिने बाजूला ठेवली. कोऱ्या कागदावर चार ओळी मांडल्या: पावसाळा, उचल, आईचा अंगठा, भट्टीवरचा हिशेब. आजीचे मरण काढताना तिला त्रास झाला; ते तिने खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. हिशेबाच्या खाली पाचव्या ओळीसाठी जागा सोडली आहे. कुटुंब परत वाडीवर येते की दुसऱ्या भट्टीची उचल घेते, हे तिचे अजून ठरलेले नाही, आणि ते ठरेपर्यंत ती लिहायला बसणार नाही म्हणते.