पहिली बातमी कोणाच्या तोंडची?

माध्यमांवर टीका करायची म्हटली की आपण लगेच मोबाईलकडे बोट दाखवतो. मला आज घराघरांत स्मार्टफोन येण्याच्या आधीचं बोलायचंय, आणि तेही नागपूरच्या शेजारच्या जिल्ह्यातलं.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना, म्हणजे आई, मुलगी आणि दोन मुलांना, गावातल्या जमावानं ठार मारलं. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, इथे दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाचा सुवर्णमहोत्सवी सोहळा झाला. लाखो माणसं नागपुरात आली आणि परत गेली. तेव्हा खैरलांजी ही मोठी बातमी नव्हतीच. मोठे मोर्चे निघायला नोव्हेंबर उजाडला.

आपण म्हणतो, माध्यमं गप्प राहिली. ते अर्धंच खरं आहे. छापून आलं होतं. पण काय, तर अनैतिक संबंधांमुळे गावकरी चिडले! गावात जे सांगितलं जात होतं, तेच बातमी झालं. या घराचा जमिनीवरून वाद होता, एका मारहाणीच्या प्रकरणात यांनी गावातल्या माणसांविरुद्ध साक्ष दिली होती, हे मागे पडलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही.

माझा आक्षेप त्या शांततेपेक्षा त्या पहिल्या वाक्यावर जास्त आहे. गप्प राहिलेलं वर्तमानपत्र उद्या बोलू शकतं. पण मारल्या गेलेल्या बाईच्या चारित्र्यावर छापलेलं वाक्य खोडून काढायला ती कुठून येणार?

पुढे ब्लॉग, ई-मेल, एसएमएस यांनी ही कोंडी फोडायला मदत केली. ते श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच वाटेनं मृतदेहांचे फोटोही फिरले. पाठवणाऱ्यांना पुरावा द्यायचा होता, हे मला कळतं. पण एका दलित बाईचं मरण खरं मानायला आपल्याला तिचा देह बघावा लागतो, ही लाज कोणाची?

आज हातात फोन आला, तरी ती सवय गेलेली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. म्हणजे आकडा कमी केला. पण खरं-खोटं तपासायचं कोणी? ते आपल्यावरच आलं.

म्हणून एवढंच सांगतो. ‘पोलीस म्हणतात’, ‘गावकरी म्हणतात’ अशी बातमी आली, तर पुढे ढकलण्याआधी एक प्रश्न विचारा: यात कोणाला विचारलेलंच नाही? ज्याच्यावर बेतलं, त्याची बाजू नसेल तर ती बातमी अजून पुरी झालेली नाही. तोवर ती आपल्या फोनवरच थांबू द्या.