धनुर्धराला दया परवडते का? एका खेळनियमाची चिकित्सा

खेळाचा नियम हीसुद्धा एक रचना असते. यंत्राचा भाग तपासावा तसा तो तपासता येतो. या टिपणात आपण टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममधला एकच नियम पाहू : धनुर्धराला शत्रूचा जीव न घेता त्याला पाडता येते का?

समजा, खेळ अठराव्या शतकातल्या बुंदेलखंडात घडतो आहे. गरौठ्याजवळून शत्रूचा जासूद पळतो आहे. तो जिवंत सापडला तरच खलिता कोणाचा ते कळेल. तुमच्या पात्राकडे धनुष्य आहे, मैत्रिणीच्या पात्राकडे कुऱ्हाड.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत (2014) जवळून घातलेल्या घावाने हिट पॉइंट शून्यावर आले, तर घाव घालणारा ‘तो फक्त बेशुद्ध पडला’ असे ठरवू शकतो. त्यासाठी कोणताही दंड नाही. बाणाला मात्र ही सवलत नाही. म्हणजे मैत्रीण जासुदाला वाचवू शकते. तुम्ही त्याला मारा, नाहीतर हात बांधून बसा.

या नियमाचे समर्थन असे करता येईल : तलवार चपटी फिरवता येते, सुटलेला बाण आवरता येत नाही. तर्क बरोबर आहे. पण कुऱ्हाडवाली आपला निर्णय घाव बसल्यानंतर घेते! शिवाय याच आवृत्तीत हिट पॉइंट म्हणजे केवळ शरीर नव्हे; त्यात जगण्याची इच्छा आणि नशीबही धरले आहे. मग वास्तवाचा आग्रह एकट्या धनुर्धराकडूनच का?

चौथ्या आवृत्तीने (2008) ही मुभा सर्वांनाच दिली होती. भेदभाव गेला, पण दया फुकट झाली. ज्या निवडीत काही गमवावे लागत नाही, ती खेळाडूच्या लक्षातही राहत नाही.

‘पाथफाइंडर’च्या पहिल्या आवृत्तीतला उपाय मला अधिक पटतो. तिथे लाकडी, गोलसर टोकाचे बोथट बाण मिळतात. त्यांनी जीव न घेणारी इजा करायची तर नेमावर उणे 4 चा दंड बसतो. हिशेब करा. वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा अधिक लागत असेल, तर नेम लागण्याची शक्यता 50 टक्के. दंडानंतर 15 लागतात. शक्यता 30 टक्के. एक नेम लागायला सरासरी 2 बाण पुरत होते, आता 3 हून अधिक लागतील. तेवढ्यात जासूद निसटूही शकतो. इथे निर्णय बाण सुटण्यापूर्वी होतो आणि त्याची किंमत आधीच ठाऊक असते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. पक्षी आणि लहान शिकारीसाठी बोथट बाण खरोखर वापरले जात. महाभारतात एकलव्य भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड सात बाणांनी भरतो, आणि कुत्रा जिवंत परततो. विराटपर्वात अर्जुन संमोहनाने कौरवांना निश्चेष्ट करतो. ज्या धनुर्धराला मारायचे नाही, त्याचे कौशल्य इथे कमी नव्हे, अधिक मानले आहे.

म्हणून नियम तपासताना तीन प्रश्न विचारा : निर्णय कोण घेतो, केव्हा घेतो आणि त्याची किंमत काय? पाचवी आवृत्ती पहिल्याच प्रश्नाला अडखळते. पात्राने कोणते शस्त्र घेतले यावरून त्याला दया करता येईल की नाही, हे ती परस्पर ठरवून टाकते.

स्वाध्याय : मूळ नेमाला 14 लागत असतील, तर बोथट बाणाची शक्यता काढा. त्या शक्यतेवर तुम्ही बाण सोडाल का? कारण लिहा.